चारशे नंबरची पावडर

आमच्या लॅबच्या दारात हजेरीचं यंत्र बसवलं, तेव्हा त्यानं सगळ्यांची बोटं ओळखली, बेनचं, म्हणजे दगड घासणाऱ्या आमच्या गुजराती ताईंचं, तेवढं ओळखेना. अंगठा झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला. यंत्र बसवायला आलेला माणूस घामाघूम. शेवटी त्यानं बेनचा हात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, ‘‘यांच्या बोटांना रेघाच नाहीत!’’ खरंच नव्हत्या. वर्षानुवर्षं दगड घासून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. मग त्यांना वेगळं कार्ड दिलं. बेन हसून म्हणाल्या, ‘‘चला, आता चोरी करायला मी मोकळी.’’

ही लॅब बडोद्यात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका आतल्या गल्लीत आहे. खाणवाले, धरणवाले, रस्तेवाले दगडाचे तुकडे पाठवतात आणि विचारतात, यात काय काय आहे? त्याचं उत्तर पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली मिळतं. एम.एस्सी. करून मी इथे लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, तरसालीला आईबाबांकडे राहत होते आणि नाकावर राग घेऊन हिंडत होते. राग आजही आहे, पण तेव्हा वाट बघणं हा प्रकारच मला ठाऊक नव्हता. सिग्नलला थांबले तरी स्कूटरवर चुळबुळ करायची. बेन रोज डभोईहून बसनं यायच्या. त्यांच्या नवऱ्याचं तिथे धान्याचं दुकान आहे. शिक्षण दहावीपर्यंत. लॅबच्या मागच्या बाजूला दगड कापायची खोली, तिथे त्यांचं राज्य. त्या गुजरातीतून बोलतात, मी मराठीतून. आमचं कधी काही अडलं नाही. त्यांचं बोलणं इथे मी मराठीतच लिहिते.

दगड मायक्रोस्कोपखाली पाहायचा तर आधी तो पातळ करावा लागतो. किती पातळ? त्याच्यातून वर्तमानपत्र वाचता येईल इतका. बेन आधी करवतीनं दगडाची चकती कापायच्या. तिची एक बाजू गुळगुळीत करून काचेच्या पट्टीवर रेझिननं, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवानं, चिकटवायच्या आणि मग दुसरी बाजू घासायला घ्यायच्या. काचेच्या जाड तावदानावर पाणी, पाण्यात कार्बोरंडमची पावडर, आणि त्यावर आठाचा आकडा काढत फिरणारा बेनचा हात. पावडरचे डबे चार: दोनशेवीस, चारशे, सहाशे, हजार. नंबर वाढेल तशी पावडर बारीक. एका नंबरावरून दुसऱ्यावर जाताना स्लाइड, तावदान, हात, एप्रनची कड, सगळं धुवायचं. टूथब्रशनं दगडाची भोकं नि भोकं घासायची. त्या धुण्याचा मला इतका वैताग यायचा म्हणून सांगू! एका स्लाइडमागे निम्मा वेळ नुसता धुण्यात जातो, हे मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं होतं.

पण स्लाइड तयार झाली की काय दिसायचं, अहाहा! मायक्रोस्कोपमध्ये दगडाच्या खाली एक आणि वर एक असे दोन फिल्टर असतात. ते एकमेकांना आडवे केले की सगळा काळोख होतो. पण त्या दोहोंच्या मध्ये दगडाची पातळ चकती असेल, तर काळोखातून रंग उमटतात. ज्या काळ्या दगडाकडे रस्त्यात कोणी ढुंकून पाहणार नाही, त्याच्या पोटात निळं, गुलाबी, केशरी भरलेलं असतं. गोल टेबल फिरवलं की एकेक दाणा उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. कुठल्या कोनात विझला, अंगावर पट्टे आहेत का, कड ठसठशीत आहे की पुसट, यावरून तो कोण ते ओळखायचं. फेल्डस्पारच्या अंगावर काळेपांढरे पट्टे, अभ्रकाचा तपकिरी रंग टेबल फिरवताना गडद-फिका होणारा. मला हे ओळखणं छान जमायचं आणि ते जमतं याचा मी भरपूर भावही खायची.

बेनना या खनिजांची नावं पुस्तकातून कोणी शिकवली नव्हती. त्यांनी एका बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यातून, मायक्रोस्कोपच्या फिल्टरचंच काम देणाऱ्या काळसर फिल्मच्या दोन पट्ट्या सोडवून घेतल्या होत्या. घासता घासता त्या उठायच्या, त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये स्लाइड धरायच्या आणि खिडकीकडे बघायच्या. दगडातला क्वार्ट्झ पिवळा दिसला की अजून जाड आहे. तांदळाच्या पेजेसारखा करडा-पांढरा झाला की बरोबर. त्यापुढे दोन हात जास्त फिरले तर दगड काचेवरून नाहीसाच होतो. आमचा महागडा मायक्रोस्कोप जे सांगायचा ते बेन खिडकीपाशी उभ्या उभ्या सांगायच्या, आणि एकदाही चूक नाही. मी कॉलेजात पाच वर्षं घालवली, पण दगडाला इतकं जवळून ओळखणारं माणूस मला कॉलेजात भेटलं नाही. स्लाइड मनासारखी झाली की त्या हिऱ्याच्या टोकाच्या पेन्सिलीनं तिच्या कोपऱ्यात एक बारीक चांदणी कोरायच्या. चांदणी असली म्हणजे स्लाइड बेनची, पुढे काही विचारायचं नाही.

त्या हिवाळ्यात मात्र बेनच्या खोलीवर संक्रांत येऊ घातली होती. साहेब, म्हणजे लॅबचे मालक, बाहेरगावच्या एका कंपनीकडून यंत्रावर स्लाइड करून घ्यायच्या विचारात होते. पंधरा स्लाइड एका दिवसात, म्हणे. मग कटिंगची खोली बंदच करायची. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना सगळं कालच व्हायला हवं असायचं. महिनाअखेरीला ठरवू, असं त्यांनी बेनना तोंडावर सांगितलं. बेन ‘‘बराबर’’ एवढंच म्हणाल्या आणि करवत सुरू केली. पण दुपारी डबा खाताना माझ्याजवळ म्हणाल्या, ‘‘दुकानात नुसतं बसून मी वेडी होईन गं. मला दुसरं काही येत नाही. आणि हे मला फार चांगलं येतं.’’

त्याच सुमाराला छोटा उदेपूरच्या बाजूच्या एका खाणवाल्यांचा ग्रॅनाइट आला. भुसभुशीत, भोकाभोकांचा दगड. बेननी त्याच्या तीन स्लाइड करून दिल्या होत्या. त्यांत नेहमीचीच मंडळी, क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक. चौथा तुकडा राहिला आणि उत्तरायण आलं. बडोद्यात उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस कोणी काम करत नाही. बेन डभोईला, साहेब गच्चीवर, सगळं गाव आभाळाकडे बघतंय. आणि मी? मला रिपोर्ट संपवायचा होता. किल्ली माझ्याकडे होती. सकाळी आईनं उंधियोची तयारी मांडली होती. ती ‘‘अगं, आज तरी!’’ म्हणत असताना मी स्कूटर काढली.

कटिंगच्या खोलीत बेनच्या परवानगीशिवाय कोणी काही करायचं नाही, हा नियम. कॉलेजात मी दोनचार स्लाइड केल्या होत्या, तेवढ्या जोरावर मी तो मोडला. भुसभुशीत दगडाला आधी रेझिन पाजायचं असतं, म्हणजे भोकं बुजतात. त्याला अख्खा दिवस लागतो. मी नाही पाजलं. दोनशेवीस झाली, चारशे झाली. मग स्लाइड नळाखाली एकदा धरली, फडक्यानं पुसली आणि थेट हजारवर गेले. टूथब्रशला हातसुद्धा लावला नाही. तासा-दीडतासात स्लाइड तयार! मला वाटलं, बघा, उगीच बाऊ करतात.

मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मी स्टूल पुढे ओढलं. भेगांमधून, भोकांमधून ठसठशीत काळ्या कडांचे टोकदार दाणे चमकत होते. फिल्टर आडवे केले तर गुलाबी-हिरव्या रंगांनी नुसते पेटले. मी पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि मोनाझाइटवर येऊन थांबले. मोनाझाइट म्हणजे साधं काम नाही, दुर्मिळ मूलद्रव्यांचं खनिज. ते सापडावं म्हणून लोक डोंगर पोखरतात. बेनच्या तीन स्लाइडमध्ये ते अजिबात नव्हतं. पण मी म्हटलं, असतं कुठेकुठे. माणसाला जे हवं असतं त्यासाठी कारण लगेच सापडतं.

मग मी ती गोष्ट केली जी आठवली की आजही कानशिलं तापतात. हिऱ्याची पेन्सिल घेतली आणि स्लाइडच्या कोपऱ्यात चांदणी कोरली. खरं सांगायचं तर निम्मं भीतीपोटी. बेनच्या खोलीत शिरून मीच स्लाइड केली हे कळलं असतं तर साहेबांनी सोलून काढलं असतं. आणि निम्मं चांगुलपणापोटी, अगदी शप्पथ. बेनच्या स्लाइडमध्ये असं काही सापडलं तर साहेब ती खोली बंद करतील का? मला वाटलं, मी बेनना वाचवते आहे. घरी जाऊन मी उंधियो चापून खाल्ला आणि गच्चीवर जाऊन शेजाऱ्यांचे दोन पतंग कापले.

सुट्टी संपल्यावर साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. त्यांनी लगोलग खाणवाल्यांना फोन लावला. मी म्हटलं, ‘‘सर, दुसऱ्या लॅबमधून एकदा खात्री करून घेऊ.’’ पण ते मी म्हणायचं म्हणून म्हटलं आणि त्यांनी ऐकायचं म्हणून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाणवाले दोघेजण पेढे घेऊनच हजर झाले. पुढच्या महिन्यात तिथे नव्यानं खोल भोकं पाडायची, असं बोलणं सुरू झालं. साहेबांचा चेहरा असा काही खुलला होता की त्यांनी हाक मारली, ‘‘बेन, इकडे या! तुमच्या स्लाइडनं काय काढलंय ते बघा तरी. आता खोली बंद करायची गोष्टच नको!’’

बेन एप्रनला हात पुसत आल्या. मी मनात म्हटलं, बघ, झालं काम. त्या स्टुलावर बसल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. टेबल हळूहळू फिरवलं. एक फेरी, दुसरी फेरी. मग फोकसची चकती जराशी पुढे, जराशी मागे. बेननी डोळा काढला, स्लाइड उचलून उजेडात तिरपी धरली. कोपऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं ते मी पाहिलं.

‘‘साहेब,’’ बेन म्हणाल्या, ‘‘आ तो पावडर छे.’’

साहेब हसले. त्यांना वाटलं, बेनना काही कळलं नाही. पण बेन हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘हे दाणे सगळे एका मापाचे आहेत. डोंगरात कोणी चाळणी लावत नाही, साहेब. तिथे लहान असतो, मोठा असतो, अर्धा मोडका असतो. आणि हे फक्त भोकांत बसलेत. एकही दाणा क्वार्ट्झच्या पोटात नाही, अभ्रकाच्या पोटात नाही. बाहेरून आलेत हे, दगडाचे नाहीत.’’

खाणवाल्यांपैकी वयानं मोठे होते ते जरा चिडूनच म्हणाले, ‘‘कशावरून?’’ बेन उठल्या. आत जाऊन चारशे नंबरचा डबा घेऊन आल्या. काचेच्या कोऱ्या पट्टीवर चिमूटभर पावडर टाकली, रेझिनचा एक थेंब, वर पातळ काच, आणि ती पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली. ‘‘बघा,’’ म्हणाल्या. खाणवाल्यांनी पाहिलं. साहेबांनी पाहिलं. शेवटी मी पाहिलं. तेच टोकदार दाणे, त्याच काळ्या कडा, तेच गुलाबी-हिरवे रंग. माझं मोनाझाइट डब्यात भरून ठेवलेलं होतं. कप्पाळ माझं!

अहो, त्या बाईला गप्प बसता आलं असतं! खोली वाचत होती. साहेबांनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता. दुसऱ्या लॅबचा निकाल यायला महिना गेला असता आणि तोवर कोणाला कळणार होतं? हे सगळं बेनना त्या स्टुलावर बसल्या जागी कळलेलं असणार, त्या काही भोळ्या नाहीत. तरी दिसलं ते त्यांनी सांगितलं, आणि क्वार्ट्झ करडा झाला हे जितक्या साधेपणानं सांगायच्या तितक्याच साधेपणानं. मी त्यानंतर पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण आपलं नुकसान समोर दिसत असताना आवाज न बदलणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही.

खाणवाले पेढ्यांचा बॉक्स टेबलावर तसाच ठेवून निघाले. साहेबांचा चेहरा काळाठिक्कर. ‘‘बेन,’’ ते म्हणाले, ‘‘तुमच्या हातून? चांदणी मारलेल्या स्लाइडमध्ये पावडर राहते? मग मी यंत्राकडे जाऊ नको तर काय करू?’’

बेननी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, काही सुचवायला नाही, नुसतं पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. चहा आला, कपबश्या वाजल्या, साहेबांचा चहा संपला. बेन उठून आत गेल्या. साहेब म्हणाले, ‘‘आता महिनाअखेर कशाला, आजच त्या लोकांना फोन करून टाकतो.’’

मी मागच्या खोलीत गेले तेव्हा बेन तावदान धूत होत्या. मी म्हटलं, ‘‘बेन, ती स्लाइड...’’

‘‘मने खबर छे,’’ त्या म्हणाल्या. मला माहीत आहे. आणि मग जे सुरू झाल्या! ‘‘चारशेनंतर धुतलं का नाहीस? ब्रश कुठे गेला होता? असल्या दगडाला रेझिन न पाजता घासतात? भिजवलेल्या पोह्यासारखा दगड आहे तो, सगळं पिऊन घेतो. आणि सहाशे? सहाशे कुठे गेली?’’ मला वाटलं होतं, त्या चांदणीबद्दल बोलतील. त्या सहाशेबद्दल बोलत होत्या. मला रडू फुटलं.

‘‘तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही, तुमची नाही म्हणून?’’

बेननी नळ बंद केला. ‘‘साहेबांनी विचारलं, स्लाइडमध्ये काय आहे. ते मी सांगितलं. कोणी केली, ते ज्यानं केली त्यानं सांगायचं. म्हणून तर चहा संपेपर्यंत थांबले होते मी.’’

मी त्यांच्यासमोरून कशी निघाले ते आठवत नाही. साहेबांच्या केबिनमध्ये घुसले तेव्हा ते फोनवर होते, यंत्रवाल्या कंपनीशी. मी हात जोडून म्हटलं, ‘‘सर, ठेवा फोन. स्लाइड मी केली. उत्तरायणाच्या दिवशी. चांदणीही मीच कोरली.’’ त्यांनी फोन ठेवला. पुढची पाचेक मिनिटं ते जे बोलले ते मी लिहिणार नाही, त्यातला शब्द न् शब्द मला लागू होता. मग ते टेबलावरची माझी स्लाइड उचलून बघत राहिले.

‘‘बाहेरून पंधरा स्लाइड आल्या असत्या,’’ ते स्वतःशीच म्हणाले, ‘‘आणि त्यांत पावडर असती, तर मला कोणी सांगितलं असतं?’’

ते उठले आणि मागच्या खोलीकडे चालायला लागले. बूट भिजतील म्हणून साहेब त्या ओल्या खोलीत कधी येत नसत. त्या दिवशी आले. म्हणाले, ‘‘बेन, माफ करा. यंत्राचं मी रद्द करतो. ही खोली तुमचीच.’’ बेननी मान हलवली, हातातलं घासणं थांबवलं नाही. साहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले, ‘‘आणि हिचं काय करायचं ते तुम्ही सांगा. नाव तुमचं वापरलं हिनं. तुम्ही जा म्हणालात तर आजच जाईल.’’

मी दाराला पाठ टेकून उभी. इतकी वर्षं झाली, पण एवढी मी पुन्हा कधी घाबरले नाही. नोकरीसाठी नव्हे. त्या बाईनं ‘जा’ म्हटलं असतं तर मला स्वतःला ते पटलं असतं, याची ती भीती होती.

बेननी हातातली स्लाइड पाण्यात बुडवून काढली, त्या दोन काळ्या पट्ट्यांमध्ये धरून खिडकीशी नेली, पाहिली आणि खाली ठेवली. मग साहेबांना म्हणाल्या, ‘‘राहू दे तिला. नजर चांगली आहे. घासायला मी शिकवीन.’’

साहेब वळले. ते दारापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात बेन माझ्याकडे न बघता, ब्रशला साबण लावत म्हणाल्या, ‘‘पण चहा संपायच्या आत बोलायला तुझं तू शीक. त्यासाठी मी दुसऱ्यांदा थांबणार नाही.’’